मोबाईलवरून मतदान आणि लोकांचा भरवसा : सारखे विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी २०२६ मधे पुणे महापालिकेचं मतदान झालं त्या दिवशी सकाळपासून आमच्या तीन व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता, आयटी सिटी म्हणवून घेतो आणि अजून शाळेच्या व्हरांड्यात लाइन लावतोय, मोबाईलवरून मतदान कधी सुरू होणार. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधे आहे, आणि २०१९ च्या लोकसभेला एका उमेदवाराचा पोलिंग एजंट म्हणून, म्हणजे केंद्रावर त्याच्या वतीने लक्ष ठेवायला, पूर्ण दिवस बाकावर बसलोय, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंथोडं कळतं असा लोकांचा समज आहे आणि प्रश्न माझ्याकडे येतात. प्रत्येकाला वेगळं टाइप करून अंगठे दुखायला लागले म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. क्रम असा काही नाही, लोकांनी विचारलं तसं.

इंटरनेट मतदान म्हणजे ईव्हीएमच ना?

नाही हो. ईव्हीएमला नेट नसतं, वायफाय नसतं, ते केंद्रावरच्या टेबलावर असतं. कंट्रोल युनिट अधिकाऱ्यापुढे आणि बॅलट युनिट त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे, मधे केबल. इंटरनेट मतदान म्हणजे तुमचा स्वतःचा फोन किंवा लॅपटॉप, त्यावरून मत निघतं आणि नेटवरून कुठल्यातरी सर्व्हरला जाऊन बसतं. फरक दोन : यंत्र कुणाचं आहे, आणि बटण दाबताना तुमच्या शेजारी कोण बसलंय. बाकी सगळी भांडणं या दोन गोष्टींतून निघतात.

जीपेवरून लाख रुपये पाठवतो, मग एक मत पाठवायला काय प्रॉब्लेम आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि वाटतो तितका बाळबोध नाहीये. पैसे पाठवले की काय होतं बघा. तुम्हाला मेसेज येतो, दुकानदाराच्या काउंटरवरचा स्पीकर ओरडतो, बँकेच्या स्टेटमेंटमधे एन्ट्री पडते, आणि घोळ झाला तर सगळ्यांच्या नोंदी समोरासमोर ठेवून चूक शोधता येते. यूपीआय कधी चुकत नाही म्हणून आपला त्याच्यावर भरवसा आहे असं नाही, चुकतं की, दूधवाल्याचे पैसे माझे दोनदा अडकलेत, भरवसा आहे कारण चुकलं की दिसतं आणि दिसलं की भांडता येतं.

मतदानात नेमकं हेच करता येत नाही, कारण ते गुप्त आहे. समजा मत कुणाला दिलं याचा मेसेज तुम्हाला आला, तर तोच मेसेज प्रभागातल्या भाऊंच्या माणसाला पण दाखवता येतो, आणि मग आदल्या रात्रीचं लक्ष्मीदर्शन एकदम गॅरंटीचं, पुरावा दाखवा पाकीट घ्या. आत्ता पाकीट वाटणाऱ्याला शेवटपर्यंत धाकधूक असते की हा आत जाऊन कुणाचं बटण दाबेल देव जाणे, आणि खरं सांगायचं तर ती धाकधूकच आपल्याला वाचवतीये.

म्हणजे सिस्टिमने करायचं काय, तर तुम्हाला पटवायचं की तुमचं मत बरोबर मोजलं गेलं, पण तुमच्या हातात असं काहीही द्यायचं नाही ज्याने तुम्ही ते तिसऱ्याला पटवू शकाल. गणितवाले लोक चाळीसेक वर्षं यावर डोकं लावतायत आणि खरंच भारी भारी उपाय निघालेत, पण त्यातला एकही उपाय मी माझ्या सासऱ्यांना दहा मिनिटांत समजावू शकलो नाही. आणि अडकलेले पैसे बहुतेक वेळा परत मिळतात, चुकीचा नगरसेवक पाच वर्षं तसाच राहतो.

पण कंपन्यांच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, तर ऑनलाइन मतदान चालतं, शेअर आहेत म्हणून मला पण मेल येतो?

चालतं, कारण तिथे तुमचं मत तसं गुप्त नसतंच. कुठल्या फोलिओने, म्हणजे शेअरधारकाच्या खात्याने, ठरावाच्या बाजूने की विरोधात मत दिलं याची नोंद मतं तपासणाऱ्याकडे राहते, त्यामुळे वाद झाला तर तपासता येतं. वर एक माणूस एक मत पण नाही, एक शेअर एक मत. वेगळा खेळ आहे तो.

तुमच्या सोसायटीत ऑनलाइन मतदानाचा काहीतरी किस्सा झाला होता म्हणे?

झाला होता. सिंहगड रोडला आमची सोसायटी, २०२१ ची गोष्ट, कोविडमुळे मीटिंग घेता येईना आणि लिफ्टच्या मेंटेनन्सचं काँट्रॅक्ट कुणाला द्यायचं यावरून दोन गट पडलेले. मग ठरलं की ऑनलाइन फॉर्म करू, फ्लॅट नंबर टाका आणि अ किंवा ब निवडा, दोन दिवसांत निकाल. फुकटचा फॉर्म, सेक्रेटरींच्या अकाउंटवरून केलेला. कुणाला काही वावगं वाटलं नाही, मला पण नाही, आणि मी म्हणे टेस्टिंगवाला.

निकाल आला, ब जिंकला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर वादावादी सुरू झाली की काँट्रॅक्ट महाग आहे वगैरे, आणि रागाच्या भरात सेक्रेटरींनी लिहून टाकलं, "अहो काका, तुम्हीच तर ब ला मत दिलंत, आता का ओरडताय?"

ग्रुपवर एकदम शांतता. पाच मिनिटं कुणीच काही लिहीना. मग एकानी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? सेक्रेटरी काही लबाड माणूस नव्हते हो, फॉर्म ज्याच्या अकाउंटवर त्याला सगळं दिसतंच, त्यांनी कधी लपवलं पण नव्हतं, आपणच विचारलं नव्हतं. पण मग एकेक धागा उसवत गेला. दोन फ्लॅटचं मत अमेरिकेतल्या मुलांनी दिलेलं, एका आजींना फॉर्म आला होता हेच माहीत नाही आणि त्यांचं मत मात्र पडलेलं, एका फ्लॅटचं दोनदा. आकडे बदलले होते का? माझ्या मते नाही, निकाल तोच राहिला असता. पण त्या संध्याकाळनंतर तो निकाल कुणीच मानला नाही, जिंकलेल्यांनी सुद्धा नाही.

शेवटी पार्किंगमधे मास्क लावून चिठ्ठ्या टाकल्या. फरसाणचा पत्र्याचा रिकामा डबा, झाकणाला चीर पाडलेली, सुरुवातीला डबा उलटा करून सगळ्यांना दाखवला. मोजताना हरणाऱ्या गटाचे एक गृहस्थ टेबलाला टेकून उभे, प्रत्येक चिठ्ठी आपल्या डोळ्यांनी बघतायत, आणि दहावीतली एक मुलगी खडूने भिंतीवर रेघा मारतीये, चार उभ्या एक आडवी. पाच मतांनी हरले ते. "ठीके" म्हणाले आणि खुर्च्या उचलायला लागले.

मला इंटरनेट मतदानाबद्दल जे म्हणायचंय ते सगळं त्या एका "ठीके" मधे आहे. निवडणुकीत जिंकलेल्याला पटवावं लागत नाही, त्याला आधीच पटलेलं असतं. हरलेल्याने घरी जाऊन आपल्या माणसांना सांगितलं पाहिजे की आपण हरलो, घोळ नाही झाला. त्याला असं म्हणता येईल इतकं त्याच्या डोळ्यांना दिसलंय का, एवढाच प्रश्न.

एस्टोनियात तर वर्षानुवर्षं चालू आहे, मग आपल्याला काय धाड भरलीये?

एस्टोनियाचं उदाहरण सगळे देतात पण अर्धंच देतात. तिथे २००५ च्या स्थानिक निवडणुकीत पहिल्यांदा देशभर ऑनलाइन मतदान झालं तेव्हा ते वापरणारे दहा हजार पण नव्हते, मतदान केलेल्यांपैकी जेमतेम दोन टक्के. २०२३ च्या संसदेच्या निवडणुकीत अर्ध्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली. म्हणजे दोनाचे पन्नास व्हायला अठरा वर्षं लागली, आणि तेही जेमतेम तेरा-चौदा लाख वस्तीच्या देशात, एकट्या पुणे शहराच्या निम्मी पण नाही.

त्याच्याआधी त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. प्रत्येकाला चिपवालं ओळखपत्र दिलं, त्याला दोन पिन, एक ओळख पटवायला आणि दुसरा सही करायला, आणि लोक त्यावरून टॅक्स भरणं, डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन वगैरे रोजची कामं करायला लागले. मतदान हे त्या कार्डावरचं आणखी एक काम. २०१३ पासून मत दिल्यावर थोड्या वेळाच्या आत फोनने क्यूआर स्कॅन करून सर्व्हरवर आपलंच मत पोचलंय का ते बघता येतं. आणि मत कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं धरतात.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट मात्र २०१७ ची आहे. त्यांच्या साडेसात लाखांवर ओळखपत्रांच्या चिपमधे गडबड निघाली, बाहेरच्या संशोधकांनी शोधलेली. सरकारने ते निवडणुकीच्या तोंडावर स्वतः जाहीर केलं आणि नंतर त्या कार्डांची सर्टिफिकेट, म्हणजे ज्यांच्या जोरावर कार्ड ओळख पटवतं ती डिजिटल प्रमाणपत्रं, बंद करून नवी द्यायला लागले. आपल्याकडे असं काही निघालं असतं तर पहिली पत्रकार परिषद "सिस्टिम पूर्ण सुरक्षित आहे" अशी झाली असती की नाही ते तुम्हीच सांगा.

आणि एवढं सगळं करूनही २०२३ ला तिथल्या एका पक्षाने ऑनलाइन मतांवर शंका घेतली, कोर्टात गेले, कोर्टाने फेटाळलं. कागदी मतांत ते पुढे दिसत होते आणि ऑनलाइन मतांत मागे पडले, मग त्यांच्या समर्थकांना कसं पटणार? अठरा वर्षांनी सुद्धा भरवसा पक्षानुसार वाटला गेलाय.

मग बाकीचे प्रगत देश काय करतायत?

बरेचसे एक पाऊल पुढे टाकून परत मागे आलेत. नॉर्वेने २०११ आणि २०१३ ला काही नगरपालिकांत प्रयोग केला आणि २०१४ मधे गुंडाळला. कारण काय दिलं, तर आपलं मत बाहेर कळेल ही लोकांच्या मनातली भीती, आणि टक्का पण काही वाढला नाही. हॅक झालं म्हणून नाही बंद केलं, हे लक्षात घ्या, मुख्यतः भीतीनेच.

नेदरलँड्समधे २००६ साली काही कार्यकर्त्यांनी मतदान यंत्र उघडून त्याच्यावर चक्क बुद्धिबळ खेळून दाखवलं. मुद्दा असा की जे यंत्र बुद्धिबळ खेळू शकतं ते काहीही करू शकतं. पुढच्या दोन वर्षांत तो देश यंत्रं सोडून कागद आणि लाल पेन्सिलीवर परत आला आणि परदेशातल्या नागरिकांसाठीचं इंटरनेट मतदान पण त्याच लाटेत वाहून गेलं.

जर्मनीचा निकाल तर प्रत्येकाने वाचावा असा आहे. ३ मार्च २००९ ला त्यांच्या घटना न्यायालयाने सांगितलं की २००५ च्या निवडणुकीत वापरलेली मतदान यंत्रं घटनेत बसत नाहीत. यंत्रात फेरफार झाल्याचा काही पुरावा नव्हता, निवडणूक पण रद्द नाही केली. म्हणणं एवढंच की मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य माणसाला, काही खास तांत्रिक ज्ञान नसताना, तपासता आले पाहिजेत. थोडक्यात आमच्या भिंतीवरच्या खडूच्या रेघा.

भारतात कुठे झालंय का?

झालंय, आणि बऱ्याच लोकांना माहीत नसतं. गुजरातमधे २०१० च्या महापालिका निवडणुकांत राज्य निवडणूक आयोगाने ऑनलाइन मतदानाची सोय दिली होती, प्रतिसाद फार थंड. तेलंगणात ऑक्टोबर २०२१ मधे खम्ममला फोनवरून मतदानाची रंगीत तालीम झाली, खरी निवडणूक नाही, नुसती तालीम. आणि २८ जून २०२५ ला बिहारमधे नगरपालिकांच्या निवडणुकीत अॅपवरून खरं मतदान झालं, एका मोबाईल नंबरवरून दोनच मतदार अशी अट होती.

हे सगळं स्थानिक निवडणुकांत, कारण त्या राज्य आयोगाच्या हातात असतात. लोकसभा-विधानसभेसाठी केंद्रीय आयोगाने असं काही आणलेलं नाही. बिहारचं बघून इथे लगेच "आपण मागे पडलो" सुरू झालं, पण छोट्या गावात ज्याला बाहेर पडता येत नाही अशा माणसासाठी केलेली सोय आणि पुण्यात लाइन नको म्हणून मागितलेली सोय यात मला तरी फरक वाटतो.

ईव्हीएमवरच अर्ध्या लोकांचा विश्वास नाही आणि तुम्ही इंटरनेटचं बोलताय?

मी नाही बोलत, लोक विचारतात. पण मुद्दा बरोबर आहे, ईव्हीएमचा इतिहास हाच भरवशाचा धडा आहे. पहिल्यांदा यंत्र वापरलं ते केरळमधल्या परूरला, मे १९८२, पन्नास केंद्रांवर. तिथे गंमत बघा, सिवन पिल्लई नावाच्या उमेदवाराने निवडणुकीआधीच यंत्रांना विरोध केला होता, आणि तोच १२३ मतांनी जिंकला. मग हरलेले ए. सी. जोस कोर्टात गेले की यंत्रं चालणार नाहीत. सुप्रीम कोर्टाने १९८४ ला सांगितलं की कायद्यात यंत्राची तरतूदच नाही, त्या पन्नास केंद्रांवर कागदाने परत मतदान झालं आणि जोस निवडून आले. कोण कुठल्या बाजूला उभा आहे ते निकालावर ठरतं, हे तेव्हापासून आजपर्यंत तसंच आहे, आज ओरडणारे पक्ष सत्तेत आले की गप्प होतात आणि गप्प असलेले ओरडायला लागतात.

पुढे कायदा बदलला, २००४ ची लोकसभा सगळी ईव्हीएमवर झाली, आणि तरी शंका राहिलीच म्हणून व्हीव्हीपॅट आलं. काचेमागे सात सेकंद दिसणारी ती चिठ्ठी. म्हणजे यंत्रावर भरवसा बसावा म्हणून शेवटी परत कागदच आणावा लागला ना. आणि त्याने पण भागलं नाही, किती चिठ्ठ्या मोजायच्या यावर वाद, २०१९ ला कोर्टाने दर विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रं ठरवली, २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली पण दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रं तपासून घ्यायची सोय दिली. बघा, परत हरलेल्यालाच सोय.

तरीही त्याच वर्षी डिसेंबरमधे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने गावातल्या गावात कागदावर मतदान घेऊन ताळा करून बघायचं ठरवलं आणि ते प्रशासनाने होऊ दिलं नाही. कोण बरोबर कोण चूक यात मी पडत नाही. पण ज्याला शंका आहे त्याला ताळा करायचा कुठलातरी कायदेशीर रस्ता दिसला पाहिजे, नाहीतर तो स्वतःचा डबा घेऊन येणारच. आणि महाराष्ट्रात महापालिकेला व्हीव्हीपॅट नसतंच, आपण प्रभागात चार चार मतं देतो त्यामुळे, म्हणजे जानेवारी २०२६ ला चिठ्ठी पण नव्हती.

पोलिंग एजंट असताना असं काय बघितलंत की तुमचा मशीनवर विश्वास बसला?

मशीनवर नाही बसला, प्रोसेसवर बसला. पहाटे अंधारातच शाळेत पोचलो, डोळे चुरचुरतायत, वर्गाच्या फळ्यावर आदल्या आठवड्याचा गृहपाठ तसाच. आम्ही वेगवेगळ्या पक्षांचे एजंट एकाच बाकावर, गुडघ्याला गुडघा लागतोय, लहान मुलांचा बाक ना. आधी मॉक पोल, म्हणजे खऱ्या मतदानाआधीची चाचणी, किमान पन्नास मतं, आम्हीच बटणं दाबली, मी वहीवर लिहून ठेवली कुणाला किती, मग निकाल काढून ताळा, मग सगळं पुसून शून्य दाखवलं. हिरव्या कागदी सीलवर आम्ही सह्या केल्या. संध्याकाळी क्लोज बटण दाबलं आणि सतरा-सी नमुन्याची प्रत हातात मिळाली, एकूण किती मतं पडली त्याचा आकडा. मोजणीच्या दिवशी कोरेगाव पार्कच्या गोडाऊनला आमचा माणूस तोच कागद घेऊन उभा होता, आकडा जुळला.

आमचा उमेदवार पडला. मला वाईट वाटलं पण शंका नाही वाटली, कारण मी स्वतः तो कागद घडी घालून खिशात ठेवला होता. फोनवरच्या मतदानात एजंट कुठे बसणार, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

हॅक होतं का खरंच, की उगाच घाबरवता?

२०१० मधे वॉशिंग्टन शहराने परदेशातल्या मतदारांसाठी एक सिस्टिम केली आणि निवडणुकीआधी सगळ्यांना खुलं आव्हान दिलं, या आणि तोडून दाखवा. मिशिगन विद्यापीठातल्या एका टीमने ४८ तासांत तोडली, टेस्टमधलं प्रत्येक मत बदललं, आणि आभाराच्या पानावर आपल्या विद्यापीठाचं गाणं लावून ठेवलं. अधिकाऱ्यांना ते जवळजवळ दोन दिवस कळलं नाही, कळलं ते त्या गाण्यामुळे. विचार करा, गाणं लावलं नसतं तर? पण वॉशिंग्टनवाल्यांना मी मार्क देतो, त्यांनी आधी टेस्ट ठेवली आणि मग खऱ्या मतदानातून ते काढून टाकलं.

पण हॅकिंग हा सिनेमातला भाग झाला, खरी माती साध्या गोष्टींत होते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला डिसेंबर २०२१ च्या स्थानिक निवडणुकीत सिस्टिमला लोड झेपला नाही, काही लोकांना मत देताच आलं नाही, आणि कोर्टाने तीन ठिकाणच्या निवडणुका रद्द केल्या. मॉस्कोत २०२१ ला ऑनलाइन मतं उशिरा आली, ती मिळवल्यावर काही मतदारसंघांत पुढे असलेले विरोधक मागे गेले, मग कोण ऐकतंय की गणित बरोबर आहे.

आणि माझा लाडका किस्सा, एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती कुलूपबंद करायचं शास्त्र, त्यातल्या जगभरातल्या तज्ज्ञांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, ती आपल्या पदाधिकाऱ्यांची निवडणूक ऑनलाइन घेते. २०२५ मधे निकाल उघडायला तिघांच्या तीन किल्ल्या एकत्र लागणार होत्या, त्यातल्या एकाची किल्ली हरवली. झालं, निकाल कायमचा कुलूपबंद, परत मतदान. जगातल्या कुलुपवाल्यांची ही गत, तर आमच्या क्षेत्रीय कार्यालयाचं काय सांगावं.

ब्लॉकचेन लावला की झालं ना?

नाही. ब्लॉकचेन म्हणजे एकदा लिहिलेलं खोडता येत नाही अशी वही. तुमच्या फोनमधल्या व्हायरसने वहीत जायच्या आधीच मत बदललं तर ती वही चुकीचं मत अगदी निष्ठेने जपून ठेवेल.

मग कोड सगळ्यांना खुला करा, संपला विषय?

विषय सुरू होतो तिथे, पण सुरुवात तरी चांगली होते. स्वित्झर्लंडने २०१९ मधे आपल्या सिस्टिमचा कोड तपासायला खुला केला आणि काही आठवड्यांत संशोधकांना त्यात असं भोक सापडलं की सिस्टिम चालवणाराच मतं बदलू शकेल आणि तरी "सगळं बरोबर आहे" असा गणिती पुरावा तयार होईल. म्हणजे जो पुरावा भरवशासाठी होता तोच फसवा. त्यांनी काय केलं, तर थांबले. चार वर्षं काम करून २०२३ मधे तीन कँटनमधे (तिथली राज्यं) मर्यादित मतदारांसाठी परत सुरू केलं, आणि अजून पण तिथे मतदाराला पोस्टाने कागद येतो, त्यावरचे कोड स्क्रीनवरच्या कोडशी जुळवून बघायचे. परत कागद.

माझ्या धंद्यातल्या अनुभवाने सांगतो, बग सापडला म्हणून लोकांचा भरवसा जात नाही, बग लपवला हे कळलं की जातो. आणि बग शोधणाऱ्याच्या मागे पोलीस लावले तर उरलेला पण जातो. आपल्याकडे २०१० मधे ईव्हीएममधल्या त्रुटी दाखवणाऱ्या संशोधकालाच अटक झाली होती, मशीन कुठून आणलं ते सांग म्हणून.

घरून मत देताना कुणी शेजारी बसून दबाव आणला तर?

हा मला तरी सगळ्यात अवघड प्रश्न वाटतो आणि आयटीवाले यावरच सगळ्यात कमी बोलतात. केंद्रावरचा तो पुठ्ठ्याचा आडोसा दिसायला फालतू आहे, पण कित्येक बायकांना अख्ख्या वर्षात नवरा-सासरा कुणीच खांद्यावरून बघत नाही असे दहा सेकंद तिथेच मिळत असतील. घरी फोन कुणाचा, ओटीपी कुणाच्या नंबरवर येतो, आमच्या बिल्डिंगमधे कामाला येणाऱ्या मावशींचा फोन त्यांच्या मुलाकडेच असतो. एस्टोनियात परत मत देऊन बदलता येतं, मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन कागदावर दिलं तर ऑनलाइनचं रद्द होतं, ते चांगलंय. पण त्यासाठी आधी घराबाहेर एकटीने जाता आलं पाहिजे.

टक्का तरी वाढेल ना? पुण्याची दरवेळी लाज निघते.

२०१९ च्या लोकसभेला पुण्यात पन्नासच्या आत, २०२४ ला साधारण ५३-५४ टक्के. पण जे लोक सुट्टी जोडून लोणावळ्याला किंवा कोकणात जातात ते अॅप आलं की मत देतील हे गृहीत धरू नका, नॉर्वेत तरी असं काही दिसलं नाही. माझ्या ओळखीत मत न देणारे जास्त करून दोन प्रकारचे, यादीत नाव सापडत नाही आणि कुणालाही दिलं तरी काय फरक पडतो. पहिल्याला यादी नीट करून हवीये. दुसऱ्याला अॅपचा उपयोग नाही.

मुलगा अमेरिकेत आहे, मतदार यादीत नाव आहे, त्याने मत कसं द्यायचं?

भारतीय पासपोर्ट असेल तर सहा-ए फॉर्म भरून परदेशस्थ मतदार म्हणून नोंद होते, पण मत द्यायला इथे येऊन मूळ पासपोर्ट घेऊन केंद्रावर उभं राहायचं. सैन्यातल्या मतदारांना मतपत्रिका ऑनलाइन पाठवतात, ते प्रिंट काढून खूण करतात आणि पोस्टाने परत पाठवतात, हा मधला मार्ग मला बरा वाटतो, जातं नेटवरून पण येतं कागदावर. आणि इथेच गावाबाहेर राहणाऱ्यांसाठी आयोगाने जानेवारी २०२३ मधे रिमोट मतदान यंत्र पक्षांना दाखवायला बोलावलं होतं, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ, त्याला नेट पण नव्हतं, तरी विरोधी पक्षांना पटलं नाही आणि ते तिथेच राहिलं. यंत्र आधी बनवलं आणि बोलणी नंतर केली की असं होतं.

म्हणजे तुम्ही विरोधातच आहात?

आज विचाराल तर लोकसभा-विधानसभा-महापालिकेसाठी हो, विरोधात. कायमचा नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कसं मत देता येईल हा खरा प्रश्न आहे, पण त्यावर आयोगाने ८५ वर्षांवरच्यांसाठी आणि दिव्यांगांसाठी घरी येऊन मतपत्रिका घ्यायची सोय काढलीच की, दोन कर्मचारी, आडोसा, पेटी, सगळं. आमच्या शेजारच्या आजोबांनी २०२४ ला असं मत दिलं आणि नंतर आठवडाभर सांगत होते की सरकार माझ्या दारात आलं.

मला पटायचं असेल तर कुठल्यातरी छोट्या, कमी भांडणाच्या निवडणुकीत सुरू करा, कोड आधी वर्षभर खुला ठेवा, तोडणाऱ्याला बक्षीस द्या, आणि ज्याला नकोय त्याला केंद्र आहेच. आणि सगळ्यात आधी पाच-सहा कट्टर विरोधी पक्षांच्या माणसांना एका खोलीत बसवून विचारा, हरलात तर तुम्हाला काय दाखवलं म्हणजे तुम्ही ठीके म्हणाल? ते लिहून घ्या आणि मग सिस्टिम बनवायला बसा. आत्तापर्यंतचे सगळे टेंडर उलट्या बाजूने निघतायत.

आईच्या फोनवर "घरबसल्या मोबाईलवरून मतदान करा" अशी लिंक आलीये, खरी आहे का?

खोटी आहे. महाराष्ट्रात कुठल्याच निवडणुकीत सध्या मोबाईलवरून मत देता येत नाही, आयोगाच्या अॅपवर नाव-केंद्र शोधण्यासारखी कामं होतात, मतदान नाही. लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका, आधार नंबर टाकला असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. यादीतल्या नावाबद्दल काही विचारायचं असेल तर १९५०. आणि आईने ती लिंक पुढे भिशीच्या ग्रुपवर पाठवलीये का ते आधी बघा, आमच्याकडे पाठवली होती.